आधी आवा, मग आपण

मी ताडपत्री. छपरावरून बोलतेय, तेव्हा जरा मान वर करून ऐका. मान खाली घालून ऐकलंत तर अर्धं बोलणं वाऱ्यावर जाईल, आणि वाऱ्याशी माझं आधीच फारसं बरं नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमधला. जाडंभरडं कापड होते मी. कारागिरांनी मला तेल-मेण पाजलं, वरून काळं डांबर चोपडलं, कडा दुमडून शिवल्या आणि दोर ओवायला कडेकडेनं पितळेच्या गोल कड्या ठोकल्या. त्या कड्यांनाच मी माझे डोळे म्हणते. ठोकल्यावर माणसाचे डोळे जातात. मला ठोकल्यावर आले.

पहिली काही वर्षं मी एका लॉरीवर काढली. लॉरीवाला मला फार जपायचा. "मला ताप आला तर विचारत नाही, हिला भोक पडलं की घास उतरत नाही याच्या घशाखाली," असं त्याची बायको दारात उभी राहून म्हणायची. ऊन, पाऊस, धूळ सगळं अंगावर घेतलं. पण लॉरीवर ऋतू कळत नाहीत हो. सकाळी पावसात निघालो की दुपारी उन्हात. ऋतू कळायला एका जागी बांधून घ्यावं लागतं.

ते बांधून घेणं म्हातारीच्या हातून झालं.

म्हातारी कुंभारीण. रस्त्याच्या कडेला तिचं घर होतं आणि लॉरी तिथं पाणी प्यायला थांबायची. लॉरीवाल्यानं नवी ताडपत्री घेतली आणि मला जुन्या टायरांबरोबर मागे टाकून दिलं. म्हातारीची नजर पडली. तिनं बोटं दुमडून माझ्यावर टकटक केली. ती सगळंच वाजवून बघायची. माठ, भोपळा, दार, माणूस. मग म्हणाली, "ही मला दे. बदल्यात हवा तो रांजण उचल."

"आजी, जुनी झालीय ती. गळेल."

"मी पण जुनी झालेय. गळते का? दे इकडं."

अशी मी त्या घरात आले.

घर म्हणजे एक खोली, खोलीला टेकून पुढे पडवी आणि पडवीसमोर अंगण. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कच्चे माठ. माणसं बिचारी पडवीत. अंगणाच्या मधोमध जमीन कायमची काळी पडलेली. ती आव्याची जागा. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. कच्ची मडकी एकावर एक रचायची, मधे लाकूड, गोवऱ्या, पेंढा भरायचा, वरून राख-मातीचा लेप द्यायचा आणि खालून पेटवून द्यायचं. मग तो आतल्या आत धुमसत राहतो, न बोलता रागावलेल्या माणसासारखा. निवेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. आणि धुमसत असताना वरून पाणी पडलं, की कारभार आटोपला. तापलेलं मडकं थंड पाणी सोसत नाही. तडकतं.

आता कुंभाराचं वर्ष बघा. माठ लागतात लोकांना उन्हाळ्यात. म्हणजे ते घडवायचे हिवाळ्यात, थंडी सरता सरता भाजायचे, उन्हाळ्यात विकायचे आणि त्यावर पावसाळा काढायचा. पावसाळ्यात माती वाळत नाही, चाक फिरत नाही. बसून खायचे दिवस ते, पण खायला असलं तर. "आमचं वर्ष त्या राखेखाली निजलेलं असतं," म्हातारी म्हणायची. "त्याला जागं करायचं नाही."

मी यायच्या फार आधी तिच्या नवऱ्याचा पेटता आवा अवकाळी पावसानं धुऊन नेला होता. सगळं मडकं न् मडकं तडकलं. पुढच्या पावसाळ्यात घरात चूल पेटेना, तेव्हा तो कामाला म्हणून बाहेर पडला तो पडलाच. मेला की जगला, कोणी सांगायलाही आलं नाही. म्हातारी हे रडून सांगायची नाही. भाजी निवडता निवडता सांगायची, आणि देठ बाजूला टाकून म्हणायची, "म्हणून म्हणते. आधी आवा, मग आपण."

तो त्या घराचा कायदा झाला. आव्याभोवती चार बांबू कायमचे पुरलेले. आव्यावर आभाळ भरून आलं, की मी जिथं असेन तिथून मला ओढायची आणि त्या चार बांबूंना उंच ताणून बांधायची. मग मी कोणाच्या अंगाखाली असो की डोक्यावर.

एरवी माझं वर्ष असं जायचं. पावसाळ्यात पडवीच्या गंजक्या पत्र्यावर मी. पाठीवर शेवाळ, कुशीत पालींची अंडी, आणि खाली माणसं चुलीचा धूर खात बसलेली. पावसाचा आवाज गोड लागतो म्हणतात. लागत असेल, ज्याला आपल्या छपराकडे कधी बघावं लागत नाही त्याला. पाऊस ओसरला की मला खाली उतरवायचे आणि माझ्यावर माती पसरून तुडवायचे. हिवाळाभर मी माणसांच्या टाचा ओळखायला शिकले. आवा पेटला की घडी घालून, दोर ओवून, मी बांबूंशेजारी हजर. आणि उन्हाळ्यात भाजलेल्या माठांवर माझी सावली. गिऱ्हाईक घाम पुसत माझ्याखाली शिरायचं आणि माठ वाजवून बघायचं. वाजवून काय कळतं कोणाला? पण न वाजवता घेतला तर आपण फसलो असं वाटतं माणसाला.

म्हातारीचा एकुलता एक लेक घुम्या. हे नाव आईनंच ठेवलेलं, कारण तो बोलायचा नाही. चार शब्दांचं काम असलं तर दोनात भागवायचा, आणि तेही दुसऱ्या दिवशी. हात मात्र सोन्याचे. चाकावर मातीचा गोळा ठेवला की तो आपणहून उभा राहायचा. शिडी चढताना त्याचं पाऊल मला लगेच कळायचं. शिडीची मधली एक पायरी मोडकी होती. घुम्या ती न बघता ओलांडायचा. धप, धप, मग जरा गप्प, मग पुन्हा धप.

त्याची बायको, म्हणजे सून, आली तेव्हा शेलाटी पोर होती. पहिल्याच वर्षी आवा पेटलेला असताना आभाळ काळं झालं. तिघं धावली. मला ताणून बांधलं आणि चिंब भिजून पडवीत येऊन बसली. आवा कोरडा, माणसं ओली. सून हसायला लागली. "आई, मडकी कोरडी राहिली, आपण मात्र पार भिजलो!"

"आपल्याला काय धाड भरलीय? आपल्याला कोण विकत घेतंय?" म्हातारी म्हणाली, आणि तिघंही हसली. घुम्यासुद्धा. त्या घरातलं ते हसणं मला आठवतं, कारण तसं पुन्हा ऐकलं नाही.

पुढे एका पावसाळ्यात वादळानं पडवीचा पत्रा उडवून नेला. मी खांबांना दोरांनी बांधलेली, म्हणून तेवढी वर उरले. त्याच हिवाळ्यात सून बाळंत झाली. बाळंतिणीला थंडीवाऱ्यात उघड्यावर कसं ठेवायचं? म्हणून त्या वर्षी मला खाली उतरवलंच नाही. नवा पत्रा माठ विकल्यावर यायचा होता.

मुलगा झाला होता. नाव अजून ठेवायचं होतं. म्हातारी त्याला पाहुणा म्हणायची. मांडीवर आडवा घेऊन विचारायची, "काय पाहुणे, जेवण झालं? दूध बरं होतं ना? की नावं ठेवायचीत आमच्या घराला?" त्यानं तोंड वाकडं केलं की सुनेला हाक मारायची, "अगं, पाहुणे रुसले! मानपान राहिला बघ कुठंतरी." मी वरून सगळं बघायचे. त्याची बोटं इतकी बारीक होती की माझ्या एका डोळ्यातून आख्खा हात आरपार गेला असता.

थंडी अजून पुरती गेली नव्हती. त्या दिवशी आवा पेटलेला होता, वर्षाचा मोठा आवा. भर दुपारी वारा पडला. मग भलत्याच दिशेनं ढग आले. म्हातारीनं अंगणात उभं राहून आभाळाकडे बघितलं आणि ओरडली, "घुम्या! शिडी!"

सून पडवीत पोराला घेऊन बसली होती. म्हणाली, "अहो आई, आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

"मग राहू दे की लागलेला. पदराखाली घे आणि भिंतीला चिकटून बस. अवकाळी आहे, घटकाभरात जाईल."

धप, धप, गप्प, धप. घुम्यानं माझ्या गाठी सोडल्या. पडवीवर आभाळ उघडं पडलं. मला बांबूंना बांधेस्तोवर टपोरे थेंब सुरू झाले आणि वाऱ्यानं असा हिसका दिला, की चौथा बांबू बुडातून मोडला. आत कुजलेला होता, कोणी वाजवून बघितला नव्हता. माझं एक टोक सुटलं आणि फडाफडा आव्यावर आपटायला लागलं. एका टोकाला घुम्या लोंबकळला, एका टोकाला म्हातारी. सुटलेलं टोक धरायला तिसरं माणूस हवं होतं.

"सूनबाई! धाव लवकर!"

"पाहुणा आहे ना हातात!"

"रांजणात निजव! त्या आडव्या रांजणात, गोधडी घाल. आत थेंब जायचा नाही."

पडवीत एक मोठा रांजण आडवा पडलेला असायचा. भाजताना त्याची कड उडाली होती म्हणून विकला गेला नव्हता. मी निघाल्यावर पडवीत कोरडी जागा तेवढी एकच, रांजणाच्या पोटातली. खोलीत शिरावं तर कच्च्या माठांमधे पाय ठेवायला जागा नाही, शिवाय आव्याचा सगळा धूर आत भरलेला. सुनेनं रांजणात पेंढा सारला, वर गोधडी घातली, पोराला निजवलं, रांजणाचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि धावत आली. कुंभाराच्या घरात याहून चांगलं कोणाला सुचलं असतं, सांगा.

घटकाभराचा पाऊस दिवस मावळायला आला तरी थांबेना. माझ्या पोटाला आव्याची धग, पाठीला पाण्याचा मारा. पोट कुठंतरी करपल्याचा वास मलाच आला. तिघं तीन बाजूंना मला धरून उभी. मधेच सून ओरडायची, "जाऊ का? बघून येते नुसती!"

"थांब गं, ओसरतोय! आत्ता सोडलंस तर सगळं गेलं."

जरा वेळानं पुन्हा, "आई, जाऊ का?"

"आवाज येतोय का रडायचा? नाही ना? मग झोपलाय. धर घट्ट!"

घुम्यानं दोराचा आणखी एक वेढा मनगटाला दिला.

पाऊस बारीक झाला तशी सून माझं टोक टाकून पळाली. रांजणात हात घातला. पोर कोरडं होतं. गोधडी कोरडी, पेंढा कोरडा. म्हातारी म्हणाली होती तसं आत थेंबही गेला नव्हता. पोर फक्त गार होतं.

माठात पाणी गार का होतं, हे कुंभाराच्या घरात कोणाला सांगावं लागतं का? माती पाणी पिते, वारा लागतो, आणि पोटात जे असेल ते गार पडतं. तोच गारवा तर ते विकत होते आजवर. रांजण पावसात भिजला, दुपारभर त्याच्यावर थंड वारा फिरला, आणि रांजणानं आपलं काम केलं. त्याला कोण काय बोलणार? आत पाणी ठेवलंय की पोर, हे मातीला कसं कळावं?

सुनेनं त्याला पोटाशी धरलं, घुम्यानं आव्याशेजारी नेऊन शेकलं, म्हातारी त्याचे तळवे चोळत राहिली. "पाहुणे, अहो पाहुणे," म्हणत राहिली. शेजारी एक टेंपोवाला राहायचा. त्याच्या गाडीपेक्षा त्याचा आवाज मोठा म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणत. एरवी हाक मारली तरी गल्ली जागी व्हायची. त्या दिवशी शब्द न बोलता त्यानं टेंपो काढला आणि सगळ्यांना दवाखान्यात नेलं. मी बांबूंवर तशीच राहिले. ती माणसं परत आली तेव्हा गोधडीची घडी सुनेच्या हातात होती, आणि ती घडी रिकामी होती.

आवा निवल्यावर उघडला. एकही मडकं तडकलं नव्हतं. इतके लाल, इतके खणखणीत माठ त्या अंगणात कधी निघाले नव्हते. उन्हाळ्यात लोकांनी वाजवून वाजवून नेले. "काय गार पाणी करतो हो तुमचा माठ!" असं एक बाई मुद्दाम सांगायला आली. सून उठून आत गेली. म्हातारीनं त्या बाईला नुसतं "हं" केलं.

तो रांजण कोणी फोडला नाही. फोडायचा तर आधी हात लावावा लागला असता. भोंग्यानं एकदा उभा करून अंगणाच्या कोपऱ्यात भिंतीला लावून ठेवला, तो तिथंच राहिला. पावसाळ्यात काठोकाठ भरायचा, उन्हाळ्यात आटायचा. त्यातलं पाणी कोणी प्यायलं नाही.

माठ विकल्यावर घुम्या पत्रा आणायला निघाला. सून चुलीपाशी बसली होती. तिनं मान वर केली नाही. "आता कोणासाठी?" एवढंच म्हणाली. घुम्या तसाच परत फिरला. म्हणून मी बारा महिने छपरावरच राहिले, आणि आव्यासाठी तेवढी खाली उतरत राहिले. मोडक्या बांबूच्या जागी नवा आला, चांगला वाजवून घेतलेला. मग वाऱ्यानं कितीही हिसके दिले तरी कोणाला टोक धरायला लागलं नाही.

म्हातारीनं त्यानंतर "आधी आवा" हे शब्द तोंडातून काढले नाहीत. आणि आणखी एक केलं. माझ्याखाली झोपणं सोडलं. पडवीच्या टोकाला, जिथं मी पुरत नव्हते आणि वळचणीचं पाणी उडायचं, तिथं तिनं बाज ओढून घेतली. सून म्हणायची, "आई, इकडं सरका, भिजाल."

"मला उकडतं गं," म्हातारी म्हणायची. भर थंडीत.

त्या दोघी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटायचं. माणसं भांडतात तेव्हा निदान एकमेकांकडे बघतात. या दोघी एका पातेल्यातलं जेवायच्या आणि दोन दिशांना बघायच्या. घरात दुसरा पाहुणा काही आला नाही.

वर्ष मात्र यायचं राहत नसे. पाऊस, थंडी, ऊन. शेवाळ, चिखल, धूळ. माझ्या अंगावर पुन्हा डांबर चढलं, ठिगळं लागली, एक डोळा गळून पडला. उन्हाळे-पावसाळे बघितलेलं माणूस शहाणं होतं म्हणतात. मला विचाराल तर नुसतं झिजतं.

मग एका हिवाळ्यात म्हातारी खोकायला लागली. खोकला छातीत उतरला. उठवेना, बसवेना. एका सकाळी सून आली, बाजेचे दोन पाय धरले आणि म्हातारीसकट बाज फराफरा ओढत माझ्याखाली आणली.

"अगं, काय करतेस? इथं नको मला!"

"गप्प पडा."

"उकडतं मला इथं."

"उकडू दे. घाम येऊन ताप उतरेल."

म्हातारी माझ्याकडे बघत पडून राहिली. इतक्या वर्षांनी तिनं माझं पोट खालून बघितलं. करपल्याचा डाग तिथं होताच. तिनं कूस बदलली.

आणि आभाळानं काय करावं? आवा पेटलेला, वर्षाचा मोठा आवा, आणि दुपारी वारा पडला. पुन्हा तेच, भलत्या दिशेचे ढग. घुम्या शिडी घेऊन आला. शिडी टेकवली, पाऊल उचललं, तर सून मधे येऊन शिडीच्या खालच्या पायरीवर बसली.

"ऊठ," घुम्या म्हणाला.

"नाही उठणार."

"आवा पेटलाय."

"दिसतंय मला. आंधळी नाही मी."

बाजेवरून म्हातारी ओरडली. ओरडण्यात खोकलाच जास्त होता. "अगं ए सूनबाई! वेड लागलं का तुला? त्याला चढू दे! मी काय साखरेची आहे विरघळायला?"

"तुम्ही बोलू नका, धाप लागतेय."

"वर्ष जाईल गं सगळं!"

"वर्षाचं काय, ते फिरून येतं," सून म्हणाली.

तिनं अंगणाच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथं भिंतीशी तो रांजण उभा होता. तिघांनाही तिथून दिसत होता.

थेंब पडायला लागले. घुम्यानं शिडी सोडली. पळत जाऊन त्यानं आव्यावर पोती टाकली, टोपल्या पालथ्या घातल्या, अंगातला सदरा काढून टाकला. पाण्यापुढे त्याचं काय चालणार? मग तो आव्यासमोर चिखलात बसला. आणि मडकी तडकायला लागली. फट्. फट्. राखेखालून वाफ उठत होती.

म्हातारी पडल्या पडल्या ऐकत होती. तिला आवाजावरून मडकं कळायचं. "हा मोठा माठ गेला," ती पुटपुटली. "ही कुंडी. हा पण मोठाच." मग तिनं ओळखणं सोडून दिलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "सूनबाई, शिडीवरून ऊठ आता. भिजलीस सगळी. इकडं ये."

सून आली. बाजेच्या पायथ्याशी बसली.

"माझ्यापायी घालवलंस गं वर्ष."

"पाय आत घ्या," सून म्हणाली. "तुमचे पाय भिजतायत."

आणि तिनं ते पाय धरून माझ्याखाली, कोरड्यात ओढून घेतले. हात मात्र लगेच काढला नाही.

गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं. पण ऋतू कोणाचं मन बघून थांबत नाहीत. त्या उन्हाळ्यात विकायला काही नव्हतं. लोक रस्त्यावरून यायचे, रिकामं अंगण बघून पुढे जायचे. पावसाळा तोंडावर आला तेव्हा घुम्यानं पिशवी भरली. "कामाला जातो," म्हणाला. हेच शब्द त्या दारात पूर्वी एकदा बोलले गेले होते.

म्हातारीनं त्याला जवळ बोलावलं. वाकायला लावलं आणि बोटं दुमडून त्याच्या पाठीवर टकटक वाजवलं. "कच्चा आहेस अजून," म्हणाली. "सांभाळून राहा."

भर पावसाळ्यात म्हातारी गेली. माझ्याखालीच गेली, कोरडी. घुम्याला निरोप धाडायचा तर कुठं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून वर्ष फिरून आलं, पुन्हा एकदा आलं. घुम्या आला नाही. भोंगा गावोगाव टेंपो फिरवतो, येताना बातम्या आणतो. कोणी म्हणतं बंदरावर ओझी उचलताना दिसला, कोणी म्हणतं तो नव्हेच. सून ऐकून घेते आणि माती मळायला लागते. आता चाकावर तीच बसते. तिचे माठ जरा तिरके निघतात.

"वहिनी, हा माठ आहे की मान मुरगळलेली कोंबडी?" परवा भोंगा म्हणाला.

"पाणी गार करतो ना? मग त्याचं तोंड कशाला बघतोस? तुझं कोणी बघतं का?"

भोंगा हसला. ती पण हसल्यासारखी झाली. मग तिची नजर शिडीकडे गेली.

शिडी अजून तीच आहे, मोडक्या पायरीची. तिच्यावर पाऊल वाजलं की मी कान देते. मोडकी पायरी ओलांडून एक जड धप येते का, ते ऐकत असते. अजून तरी सुनेचंच हलकं पाऊल येतं.

आता माझं किती राहिलंय? एक टोक कापून तिनं खोलीच्या दाराला लावलं. पाठीवर ठिगळाला ठिगळ शिवलंय. एखाद्या पावसाळ्यात मी मधोमध फाटेन. त्याचं मला काही नाही. कापडाचा जन्म फाटण्यासाठीच. पण तुमच्याही घरात एखादी ताडपत्री असेलच. एखादा पत्रा, एखादं पांघरूण, एकच असलेलं काहीतरी, सगळ्यांना एकाच वेळी लागणारं. बांधायला आलात तर गाठ पक्की मारा. सोडायला आलात तर हात घालण्याआधी खाली कोण निजलंय ते बघा. पाऊस घटकाभराचा आहे असं कोणी कितीही सांगितलं, तरी बघा.

बोलता बोलता वारा पडला की हो. ढग आलेत, भलत्याच दिशेनं. अंगणात आवा धुमसतोय, तिरक्या माठांचा. भोंगा बांबूंपाशी दोर धरून ओरडतोय, "वहिनी, आटपा!" आणि ती शिडी चढतेय.

मधेच थांबली. वाकून खाली बघतेय. दरवेळी बघते. बाजेवर कोणी नाही. बाजेखाली कोणी नाही. तरी पुन्हा एकदा बघितलं.

सुटली गाठ. येते मी.